धर्म ऋणकोला काय सांगतो?

धर्मांची तुलना सध्या दोन ठिकाणी आढळते. एक शालेय तक्त्यात. तेथे संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ आणि सण अशा चार रकान्यांत जगातील सगळे धर्म नीट बसवलेले असतात. दुसरी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. तेथे याच चार रकान्यांची शिवीगाळ झालेली असते. पहिला प्रकार निरुपद्रवी मानला जातो. परंतु तक्ता पाठ केलेल्या विद्यार्थ्याला शेजारच्या घरातला माणूस कशावर श्रद्धा ठेवून जगतो हे मुळीच कळलेले नसते, आणि त्या रिकाम्या जागेत दुसरा प्रकार सहज घर करतो. पुरोगामी व्यासपीठावर याला एक ठरीव उत्तर दिले जाते. सर्व धर्मांची शिकवण एकच आहे, असे ते उत्तर. त्याला टाळ्या मिळतात. पण ते खरे नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते खरे वाटत नाही. ईश्वर मानणारा आणि न मानणारा, पुनर्जन्म मानणारा आणि न मानणारा यांची शिकवण एकच कशी असेल? ज्याला आपल्या धर्माविषयी खरी आस्था आहे त्याला असली एकरूपता हा आपल्या श्रद्धेचा अनादर वाटतो, आणि तसे वाटणे गैर नाही.

वसमतच्या परिसराला हे अज्ञान परवडणारे नाही. औंढ्याला नागनाथाचे ज्योतिर्लिंग, शिरड शहापूरला जैनांचे मल्लिनाथ क्षेत्र, हिंगोलीच्या पलीकडे नरसीला नामदेवांचे जन्मस्थान, पूर्वेला नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला तो सचखंड हुजूरसाहिब, परभणीला तुराबुल हक यांचा उरूस. आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावी उभे राहिलेले बुद्धविहार. लिंगायतांचे मठ वेगळेच. एवढे धर्म आणि पंथ इतक्या जवळजवळ नांदत असलेला मुलूख महाराष्ट्रात दुसरा शोधावा लागेल. या मुलखाने तुलनेचे काम पूर्वी स्वतःच्या रीतीने केलेही आहे. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते; पाय काढा म्हणणाऱ्या नामदेवांना, जेथे देव नाही तेथे ते उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले, अशी कथा आहे. गुरू नानकांविषयी नेमकी हीच कथा मक्केची म्हणून सांगितली जाते. कोणती कथा कोठून कोठे गेली याचा वाद विद्वानांनी घालावा. नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्याच ग्रंथात कबीर, रविदास आणि शेख फरीदही आहेत, एवढे मात्र वादातीत आहे.

नरहर कुरुंदकर याच तालुक्यातल्या कुरुंद्याचे. मनुस्मृतीचे ते कठोर टीकाकार. तरी न वाचता तिचा गौरव करणारे आणि न वाचता तिचा धिक्कार करणारे या दोघांसमोरही त्यांनी प्रत्यक्ष ग्रंथ उघडून ठेवला. इस्लामविषयी लिहितानाही श्रद्धावान माणूस स्वतः काय मानतो ते आधी समजून घ्यायचे आणि मग त्याची चिकित्सा करायची, हा त्यांचा शिरस्ता होता. समाजवादी चळवळीत ही शिस्त सर्वांना साधली असे म्हणता येत नाही. धर्म म्हणजे पोटाच्या प्रश्नावर घातलेले पांघरूण, ते दूर केले की प्रश्न उघडा पडेल, अशी एक सोपी समजूत बरीच वर्षे चालली. पांघरूण काही दूर झाले नाही, आणि त्याच्या आत किती वेगवेगळ्या कल्पना गुंडाळलेल्या आहेत हे पाहण्याची तसदीही फारशी कोणी घेतली नाही.

ती पाहायची तर चार रकान्यांपेक्षा वेगळी कसोटी हवी. वसमतच्या शेतकऱ्याला जवळची अशी एक कसोटी आहे, ती म्हणजे कर्ज. हळदीचे पीक आठ-नऊ महिने जमिनीत असते. बेणे, खत, खांदणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. पट्टी हाती येईपर्यंत वर्ष सरते. तोवर घर उसनवारीवर चालते. बँक, सोसायटी, आडत्या, खाजगी सावकार आणि अलीकडे बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या, अशी ही उतरंड आहे. तेव्हा प्रत्येक धर्म ऋणकोला काय सांगतो आणि धनकोला काय सांगतो, हे विचारून पाहावे. उत्तरे थक्क करणारी आहेत.

यहुदी धर्मापासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे हा विषय थेट विधीत आला आहे. या धर्माची मूळ स्मृतीच मुळी गुलामीची आहे. मिसर देशात विटा पाडणाऱ्या वेठबिगारांची सुटका हा त्यांच्या ईश्वराचा पहिला पराक्रम. त्या स्मृतीतून दर सातव्या दिवशी विश्रांतीचा नियम आला, आणि तो मालकाइतकाच दासाला व बैलालाही लागू केला गेला. कामगार कायद्याच्या इतिहासाला येथून सुरुवात करायला हरकत नसावी. कोकणातले मराठी यहुदी, बेने इस्राएल, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवारतेली म्हणत. त्या नावात हा नियम सुमारे अडीच हजार वर्षांचा प्रवास करून अलिबागेपर्यंत आला होता. त्याच ग्रंथात दर सातव्या वर्षी देणी माफ करावीत आणि पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, असेही सांगितले आहे. जमीन ईश्वराची, माणूस केवळ तिच्यावरचा पाहुणा, ही त्यामागची श्रद्धा. कूळकायद्यासाठी लढलेल्या कार्यकर्त्याने हे प्रकरण मुळातून वाचावे.

येशू याच परंपरेत, रोमन कराच्या ओझ्याखाली दबलेल्या गालीलच्या मुलखात वाढला. त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत पापांची क्षमा मागितली जाते. मत्तयाच्या पाठात तेथे जो मूळ शब्द आहे त्याचा अर्थ ‘ऋण’ असा आहे. येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. ऋण माफ होऊ शकते, आणि ज्याला माफी मिळाली त्याने इतरांना ती द्यावी, या कल्पनेवर ख्रिस्ती धर्माचे सारे तारणशास्त्र उभे आहे.

इस्लाम व्यापाऱ्यांच्या शहरात जन्मला. पैगंबर स्वतः व्यापार केलेले गृहस्थ होते, आणि मक्केतील श्रीमंत अनाथाला ढकलून देतात व दरिद्र्याला जेवू घालत नाहीत, हा कुराणातील आरंभीच्या वचनांचा एक मोठा विषय आहे. कुराणातले सर्वांत लांब वचन कोणते? नमाजाचे नाही, युद्धाचेही नाही. कर्जाचा व्यवहार लिहून कसा ठेवावा, साक्षीदार कोण असावेत, लिहिणाऱ्याने ऋणकोच्या सांगण्याप्रमाणे कसे लिहावे, याचे ते वचन आहे. व्याज निषिद्ध आहे. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी, सोडून दिले तर अधिक चांगले, अशी शिकवण आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनावर शेकडा अडीच या दराने द्यावयाच्या जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. आणि दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. कर्ज न फेडता मेलेल्या एका माणसाच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबरांनी नकार दिला. एका सहकाऱ्याने ते फेडण्याची हमी घेतल्यावरच ते उभे राहिले, असे हदीसमध्ये आहे.

भारतीय धर्मांत हा प्रश्न निराळ्याच वळणाने येतो. वैदिक धर्माला संस्थापक नाही, म्हणून त्याच्या उगमाचा एक क्षण दाखवता येत नाही. परंतु माणूस जन्मतःच ऋणी असतो, देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा, ही कल्पना त्याच्या पायाशी आहे. यज्ञ, अध्ययन आणि संतती ही त्या कर्जाची परतफेड. पुढे पुनर्जन्माच्या सिद्धांताशी ती जोडली गेली आणि मराठीत ‘ऋणानुबंध’ हा शब्द रुळला. मागल्या जन्मीचे देणे या जन्मी फेडावे लागते, असे आजही खेड्यातला माणूस म्हणतो. एकदाच जगणारा आणि अखेरच्या दिवशी हिशेब देणारा माणूस एका बाजूला, आणि जन्मोजन्मी खाते पुढे ओढणारा माणूस दुसऱ्या बाजूला. दोघांच्या श्रद्धेतला हा फरक शब्दांचा नव्हे. जेथे खाते जन्मोजन्मी चालू राहते तेथे सध्याचे दारिद्र्य हे जुन्या बाकीचे व्याज ठरवणे सोपे जाते, आणि जातिव्यवस्थेने नेमके तेच केले.

त्या खात्याला आव्हान देणारे पहिले मोठे बंड गंगेच्या खोऱ्यात इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात झाले. लोखंडी फाळ, नवी नगरे, आहत नाणी आणि त्याबरोबर आलेला कर्जबाजारीपणा ही त्या काळाची पार्श्वभूमी आहे; दामोदर कोसंबींनी ती तपशिलाने मांडली आहे आणि त्यांचे वडील धर्मानंद यांनी पाली ग्रंथांतून तिचे मानवी चित्र मराठी वाचकांसमोर आणले. बुद्ध ईश्वराविषयी बोलत नाहीत, नित्य आत्मा मानत नाहीत. पण मन निर्मळ झालेल्या भिक्षूची स्थिती कशी असते हे सांगताना त्यांना पहिली उपमा सुचते ती कर्ज फिटलेल्या माणसाची. गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनृणसुख’, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख, त्यांनी गणले आहे. आणि तरीही संघाच्या नियमांत ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये असे आहे. दासालाही नाही, राजाच्या सैनिकालाही नाही. धनकोंची, मालकांची आणि राजांची तक्रार नको म्हणून हे नियम झाले असे विनयपिटकच सांगते. समतेचा एवढा मोठा प्रयोग, आणि त्याच्या दारावरही सावकाराची सही लागली. बुद्धाचा गौरव करताना हे लपवण्याचे कारण नाही. आपल्या ग्रंथाने ते लपवले नाही, ही बौद्ध परंपरेची प्रामाणिकता आहे.

जैनांच्या अपरिग्रहाचे असेच. उपासकदशांग या आगमात आनंद नावाच्या श्रावकाची कथा आहे. त्याच्या चार कोटी सुवर्णमुद्रा पुरून ठेवलेल्या, चार कोटी व्याजाने लावलेल्या आणि चार कोटी इस्टेटीत गुंतवलेल्या आहेत. महावीरांपुढे तो व्रत घेतो ते यापेक्षा अधिक न वाढवण्याचे. मर्यादा आली, हे खरे; पण ती बारा कोटींवर आली.

येथवर आले की कार्यकर्ता हटकून विचारतो, धर्मग्रंथ एवढे सांगत असतील तर सावकारी टिकली कशी? धर्मांच्या तुलनेत श्रद्धेइतकाच आचार पाहायचा तो याकरिता. सातव्या वर्षी देणी बुडणार म्हणून सहाव्या वर्षी कोणी कर्जच देईना, तेव्हा हिलेल या थोर धर्मशास्त्र्याने देणी न्यायालयाच्या नावे करून वाचवण्याची युक्ती काढली. चर्चने ११७९ च्या परिषदेत व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले, आणि इटलीतल्या पेढ्यांनी व्याज हुंडणावळीत लपवले; सोळाव्या शतकात कॅल्विनने ते उघड मान्य केले. इस्लामी कायद्यात एकच वस्तू उधार विकून कमी रोखीने परत घेण्याच्या तरकिबी निघाल्या, आणि ऑटोमन साम्राज्यात तर खुद्द वक्फच्या रोख रकमा शेकडा १० च्या आसपास लाभ घेऊन कर्जाऊ दिल्या जात. तंजावरच्या राजराजेश्वर मंदिराचा पैसा गावसभांना साडेबारा टक्क्यांनी दिल्याचे शिलालेख आहेत.

आणि आपल्या नाशिकचे? पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या चीवरासाठी ३,००० कार्षापण अक्षयनिधी म्हणून कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा दरशेकडा एक या दराने, १,००० पाऊण या दराने. म्हणजे वर्षाला १२ आणि ९ टक्के. सोन्यारुप्याला हात न लावण्याचे व्रत घेतलेला भिक्षू कोष्ट्याने भरलेल्या व्याजातून वस्त्र नेसत होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली मौज वेगळीच दिसेल. देव, संघ आणि वक्फ, तिघांची तत्त्वज्ञाने एकमेकांना छेद देणारी, पण व्याजाच्या दराच्या बाबतीत तिघेही ९ आणि १३ यांच्या दरम्यान येऊन थांबतात.

मात्र एवढ्यावरून सगळे धर्म सारखेच ढोंगी, असा निष्कर्ष काढणे हा आळस होईल. ढोंग करायला आधी नियम असावा लागतो, आणि नियम वेगवेगळे होते. मनुस्मृतीचा नियम पाहा. ब्राह्मणाला दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. येथे पळवाट शोधण्याची गरजच नाही. विषमता हाच कायदा आहे. त्याच स्मृतीत व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियमही आहे, आणि ती कल्पना महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अजून जिवंत आहे. एका ग्रंथातून काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा विवेक हाच.

मनूच्या या श्लोकाने तुलनेचा खरा प्रश्न समोर येतो. यहुदी ग्रंथ म्हणतो, भावाला व्याजाने देऊ नकोस. परक्याला दिलेस तर चालेल. मग भाऊ कोण आणि परका कोण? मनूने ते वर्णावरून ठरवले. मध्ययुगीन युरोपात यहुद्यांना जमीन आणि कारागिरांच्या श्रेणी बंद होत्या. ख्रिस्त्यांना निषिद्ध असलेला सावकारीचा धंदा त्यांच्या गळ्यात पडला, आणि पुढे तोच धंदा करतात म्हणून त्यांच्या कत्तली झाल्या. निजामाच्या राज्यात याच चित्राची रंगसंगती उलटी होती. ज्यांच्या धर्मात व्याज हराम, त्यांच्यातलेच काही रोहिले आणि अरब दारात बसून वसुली करणारे सावकार म्हणून कुप्रसिद्ध होते. ‘पठाणी व्याज’ हा शब्द मराठीत त्यामुळेच. त्यांच्या जोडीला मारवाडी होते, ब्राह्मण होते, कोमटी होते, देशमुख होते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख गुजर-मारवाडी सावकारांवर होता. पण त्यांना हवी होती ती खतपत्रे. ती हाती आली की जाळली जात आणि सावकाराला सोडून दिले जाई, असेच बहुतेक ठिकाणी घडले. ऋणको स्वतः विचार करतो तेव्हा कागद ओळखतो. त्याच्या वतीने दुसरा कोणी विचार करू लागला की तो धर्म ओळखू लागतो.

भाऊ कोण, हे आता राज्यसंस्थाही ठरवते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले. बाबासाहेबांबरोबर १९५६ सालीच बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. त्यांच्या धर्मात जात नाही, हे त्याचे कारण दिले जाते. धर्मग्रंथात नाही, हे बरोबर; पण मराठवाड्यात जात ग्रंथ वाचून राहत नाही. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी धर्मांतरित मांगांसाठी बेथेल वसवले त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. त्या समाजाची जात शेजारचा गाव विसरला काय? मुसलमानांतले तांबोळी, पिंजारी, कसाई, बागवान हे व्यवसाय-जातींनी बांधलेले समाज आहेत, हे जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारून सरकारला मान्य करायला लावले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने त्याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. शासन धर्मांची तुलना करते ती अशी, तक्त्यावरून.

देवाच्या जमिनींचेही तेच. निजामाच्या काळातल्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामांपैकी कितीतरी मंदिरांना, मठांना, दर्ग्यांना, मशिदींना दिलेली होती. हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या इनामनिर्मूलन कायद्याने धार्मिक संस्थांची इनामे वगळली. ती कसणारा शेतकरी देवस्थानाच्या शिवारात आणि वक्फच्या शिवारात सारखाच लटकत राहिला. २०२५ चा वक्फ दुरुस्ती कायदा आला तेव्हा सारी चर्चा मालकी कोणत्या धर्माची यावर झाली. कसणाऱ्याचे नाव त्या गदारोळात कोणी घेतले नाही.

स्त्रियांच्या वाट्याचा हिशेब तर एका परिच्छेदात संपतो. कुराणाने सातव्या शतकात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला. हिंदू वारसा कायद्याने, जो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, मुलीला १९५६ मध्ये वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला समान हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये. निम्मा की पूर्ण, हा वाद महत्त्वाचा आहे. पण तलाठ्याकडे जाऊन पाहावे. सर्व धर्मांच्या बहिणी भावांच्या नावे हक्कसोड लिहून देत असतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव केला. मढीचे हे नाथस्थान मुसलमानही मानत आले, आणि तेथला गाढवांचा बाजार भटक्या जमातींचा आधार. ठरावाच्या कायदेशीरपणावर प्रशासनाने आक्षेप घेतला, ते योग्य झाले. परंतु असे ठराव आदेशाने थांबत असले तरी त्यांमागचा विचार थांबत नाही. आज यात्रेतला बांगडीवाला, उद्या मोंढ्यातला आडत्या, परवा मळणीयंत्रवाला. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होतो तेव्हा हळदीचा धर्म कोणी विचारत नाही. विचारू लागले तर पहिला फटका भाव पाडून घेणाऱ्या शेतकऱ्याला बसेल, कारण बोली लावणारे कमी होतील. हा बहिष्काराचा हिशेब शेतकऱ्याला समजतो. तो त्याला त्याच्या भाषेत कोणीतरी सांगायला हवा.

सांगणाऱ्याने आधी वाचलेले असावे. आणि मराठीत वाचायला साहित्य नाही अशी सबब चालणार नाही. विनोबांनी कुराणाचे, ख्रिस्ती धर्माचे आणि धम्मपदाचे सार काढून ठेवले. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ मध्ये प्राण पणाला लावणारा हा माणूस पैगंबरांचे चरित्रही तितक्याच ओढीने सांगतो. सेतुमाधवराव पगडींचे सूफी संप्रदायावरचे पुस्तक आहे. फादर दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आहे, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरोघरी आहे. चिकित्सेसाठी हमीद दलवाई आहेत. अभ्यासवर्गात एकेका धर्मावर एकेक व्याख्यान ठेवण्याऐवजी एक प्रश्न घ्यावा आणि सर्व ग्रंथांना तो विचारावा. कर्ज घेता येईल, जमीन घेता येईल, बाईचा वाटा घेता येईल, मेलेल्याचे सुतक घेता येईल. बौद्ध घरातल्या मुलीने मनूचा श्लोक वाचावा, मुसलमान मुलाने विनयपिटकातला ऋणकोचा नियम वाचावा, वारकऱ्याच्या मुलाने कुराणातले ते लांब वचन वाचावे. वारकऱ्याच्या मुलाला ते परके वाटणार नाही. तुकोबांनी घरच्या सावकारीचे कागद भावाशी निम्मे वाटून घेतले आणि आपल्या वाटणीचे इंद्रायणीत बुडवले, ही परंपरेतली कथा त्याने लहानपणी ऐकलेलीच असते. भावाच्या वाटणीचे कागद तुकोबांनी भावाकडे राहू दिले, हेही त्याने लक्षात घ्यावे.

जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका घराची कल्पना केली आहे. पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्या घरातली बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध झाली आहे, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. आणि चौघे एकमेकांचा द्वेष न करता एकत्र राहतात. सर्व धर्म एकच आहेत असे जोतीराव कोठेही म्हणत नाहीत. तसे असते तर चौघांना चार ग्रंथ कशाला लागले असते? चौघांनी ग्रंथ वाचले आहेत, आणि वाचून आपापला निर्णय घेतला आहे. त्यात मुलीचा निर्णय बापाने घेतलेला नाही, आणि बाईचा नवऱ्याने नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आंतरधर्मीय विवाह नोंदवायला गेलेल्या जोडप्याच्या नावाची आधी नोटीस लागते, आणि मग कोण कोण येऊन उभे राहते, ते वसमतच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.